वणव्याला जाब विचारताना

महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात नारद हस्तिनापुरी येतात आणि युधिष्ठिराला एक बातमी सांगतात. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती हे तिघेही गंगाद्वाराजवळच्या अरण्यात वणव्यात जळून गेले. उपासतापासांनी त्यांच्या अंगात पळण्याचं त्राण उरलं नव्हतं. धृतराष्ट्राने संजयाला निघून जायला सांगितलं आणि तिघे पूर्वेकडे तोंड करून बसून राहिले. संजय वाचला आणि हिमालयाकडे निघून गेला. हे ऐकून युधिष्ठिर कोसळतो आणि त्या शोकातच अग्नीवर चिडतो. या अग्नीची भूक भागावी म्हणून अर्जुनाने त्याला अख्खं खांडववन दिलं होतं. त्यानेच अर्जुनाची आई जाळली. हा कृतघ्नपणा नव्हे काय, असा त्याचा सवाल आहे.

नारद त्याला समजावतात. ती आग परकी नव्हती, असं ते सांगतात. धृतराष्ट्राच्याच यज्ञाचे अग्नी ऋत्विजांनी निर्जन रानात सोडून दिले होते. ते वाढत गेले आणि रान पेटलं. राजा स्वतःच्याच पवित्र अग्नीत गेला, म्हणून त्याला उत्तम गती मिळाली, असं हे सांत्वन आहे. जंगलात वणवे विझवणाऱ्या माणसाने हीच हकीकत वाचली तर त्याच्या लक्षात दुसऱ्याच गोष्टी राहतील. आग न विझवता माणसं निघून गेली, रान वाळलेलं होतं आणि जवळच पळू न शकणारी माणसं होती.

एकाच वणव्याचे हे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही महाभारतातच आहेत. युधिष्ठिर आगीकडे जाब मागतो. नारदांच्या उत्तरात, त्यांचा हेतू काहीही असो, आग कुणाच्या हातून सुटली याचा छडा लागतो. निसर्गातल्या दुःखाचा जाब कुणाला विचारायचा, हा धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा फार जुना प्रश्न आहे, आणि त्याची सगळी अवघड वळणं वणव्यात एकत्र सापडतात.

खांडववनाचा प्रश्न त्यामानाने सोपा म्हणावा लागेल. तिथे कृष्ण आणि अर्जुन वनाच्या दोन बाजूंना उभे होते आणि बाहेर पडू पाहणाऱ्या प्राण्यांना मारत होते. तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्यांची चार पिल्लं एवढेच जीव वाचले. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये या दहनाच्या क्रौर्याबद्दल आडपडदा न ठेवता लिहिलं आणि त्यामागे जमिनीचा लोभ पाहिला. तिथे हेतू माणसाचा होता, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा हेही उघड आहे. खरी अडचण येते ती कुणीच न लावलेल्या आगीपाशी.

अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ साली नेमकी हीच अडचण एका निबंधात मांडली. दूरच्या जंगलात वीज पडते, वणवा लागतो, त्यात हरणाचं एक पाडस सापडतं. ते भयंकर होरपळतं, काही दिवस तडफडत पडून राहतं आणि मग मरतं. ते कुणी पाहिलेलं नाही. त्यातून कुणी काही शिकलेलं नाही. सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू ईश्वर असेल तर त्याला हे दुःख सहज टाळता आलं असतं, आणि ते टाळल्याने जगाचं कुठलं मोठं भलं हुकलं असतं, हे दिसत नाही. म्हणून असा ईश्वर नाही, असं मानणंच सयुक्तिक ठरतं, असा रो यांचा युक्तिवाद होता. गेली चार दशकं धर्मतत्त्वज्ञानाच्या वर्गांत या पाडसावर वाद चालू आहे.

आपल्याकडे कर्मसिद्धान्ताचं उत्तर तयार असतं. पूर्वजन्मीचं फळ भोगून संपलं, असं म्हणता येतं. त्याने पाडसाच्या वाट्याला आलेल्या दुःखाचा हिशेब जुळतो. पण डोंगराच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाने काय करायचं, हे त्या हिशेबात कुठेच लिहिलेलं नसतं.

हा प्रश्न घेऊन वणवा विझवायला शिकणाऱ्या नवशिक्यांच्या वर्गात बसलं, तर पहिल्याच तासाला त्याची मांडणी बदलते. आगीला मन नाही, हे तिथे वादाने सिद्ध करत नाहीत. आग कशी वागते, एवढंच शिकवतात.

लाकूड थेट जळत नाही, इथून सुरुवात होते. उष्णता लागली की आधी त्यातलं पाणी उडून जातं. मग साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास लाकूड फुटून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ते वायू पेट घेतात. म्हणून आगीला पुढे सरकायचं असेल तर समोरचं जळण आधी सुकवावं आणि तापवावं लागतं. हे काम किती झटपट होईल, ते तीन गोष्टींवर ठरतं: जळण, हवामान आणि जमिनीचा चढउतार.

जळणाची वर्गवारी किती बारकाईने करतात ते पाहण्यासारखं आहे. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक गवत, पानं, काड्या हे ‘एका तासाचं’ जळण. हवा कोरडी झाली की तासाभरात तेही कोरडं होतं. पंचवीस मिलिमीटरपर्यंतच्या फांद्या दहा तासांच्या, पंचाहत्तरपर्यंतच्या शंभर तासांच्या आणि त्याहून जाड ओंडके हजार तासांचे. ओंडक्याला सुकायला आठवडे लागतात, पण एकदा पेटला की तो दिवसेंदिवस धुमसत राहतो. गवताचं याच्या उलट आहे. सकाळी दवाने ओलं असलेलं गवत दुपारी एका ठिणगीने भडकतं. म्हणून घनदाट जंगलापेक्षा उघडा गवताळ उतार निर्धोक, असं वाटून नवशिका फसतो. गवतातली आग लवकर विझते, पण त्याआधी ती जंगलातल्या आगीपेक्षा कितीतरी वेगाने धावलेली असते.

मग चढ. काडीपेटीतली काडी पेटवून तिचं तोंड खाली धरलं तर ज्योत झरझर बोटांकडे चढते. तोंड वर धरलं तर रेंगाळते. डोंगरउतारावर हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. ज्वाळा चढाकडे झुकतात, वरचं गवत पेटण्याआधीच तापून सुकतं. दर दहा अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियात बसवलेला एक ठोकताळा आहे. म्हणजे वीस अंशांवर चौपट. माणसाचं मात्र उलट होतं. चढ लागला की त्याला धाप लागते आणि त्याचा वेग पडतो. त्यात दुपारी उन्हाने तापलेली हवा दरीतून वर वाहते आणि अरुंद घळीत तर धुराड्यासारखी ओढ तयार होते. वारा जळते तुकडे उचलून पुढे टाकतो आणि आग मधली जमीन ओलांडून पलीकडे नव्याने सुरू होते.

या सगळ्यात आगीने कुणाला निवडल्याचं कुठेही दिसत नाही. पण प्रत्येक वळणावर ती काय करील, याचा अंदाज बांधता येतो.

५ ऑगस्ट १९४९ रोजी हा अंदाज अकरा-बारा मिनिटांत बांधायची वेळ काही तरुणांवर आली. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात मिसूरी नदीला मिळणारी मान गल्च नावाची घळ आहे. आदल्या दिवशी तिथे वीज पडून आग लागली होती. जवळच्या हेलेना शहरात त्या दिवशी पारा ३६ अंशांवर गेला होता. मिझुलाहून आलेल्या विमानातून वनखात्याचे पंधरा जण पॅराशूटने उतरले. वायरलेस सेटची छत्री उघडली नाही आणि तो आपटून फुटला. आधीपासून एकट्याने आगीशी झुंजणारा एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. बहुतेक जण विशीच्या आसपासचे होते. सगळ्यांत लहान रॉबर्ट सॅली सतरा वर्षांचा होता.

आग घळीच्या समोरच्या उतारावर होती. नदी पाठीशी ठेवून आगीला भिडायचं, म्हणून तुकडी नदीच्या दिशेने खाली निघाली. पावणेसहाच्या सुमाराला प्रमुख वॅगनर डॉज यांना दिसलं की आग घळ ओलांडून पुढे, त्यांच्याच बाजूला आली आहे. नदीची वाट बंद झाली होती. तुकडी मागे वळली आणि चढ चढू लागली. इथे झाडी विरळ होत गेली आणि गुडघ्याएवढं वाळलेलं गवत लागलं. डॉज यांनी अवजारं टाकायला सांगितलं. आग मागून चढत होती आणि अंतर क्षणाक्षणाला कमी होत होतं.

मग डॉज थांबले. त्यांनी खिशातून काडी काढली आणि समोरचं गवत पेटवलं. ती आग चढाने वर निघून गेली आणि मागे काळी जमीन उरली. तिथे या, असं ते हाका मारून, हातवारे करून सांगत राहिले. त्यांचं डोकं फिरलं आहे असंच इतरांना वाटलं असणार, कारण मागे मृत्यू लागलेला असताना पुढे आग लावणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. कुणीही आलं नाही. डॉज ओला रुमाल तोंडावर धरून राखेत पालथे पडले. मोठी आग त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, कारण त्यांच्याखाली जळायला काही उरलं नव्हतं. सॅली आणि वॉल्टर रम्झी कड्यातल्या फटीतून वर निसटले आणि दगडगोट्यांच्या उतारावर वाचले. बाकी तेरा जण दगावले. त्यातले दोघे दुसऱ्या दिवशी गेले. एका मृताच्या घड्याळाचे काटे सहाला चार मिनिटं असताना थांबलेले सापडले.

डॉज यांच्या आगीनेच माझा मुलगा मेला, असा आरोप एका वडिलांनी केला. ते स्वतः वनखात्यात नोकरी केलेले होते, म्हणजे आगीचे जाणकार. चौकशी समितीने डॉज यांना दोषमुक्त केलं, पण वाद मिटला नाही. १९५५ साली डॉज वारले. लेखक नॉर्मन मॅक्लीन यांनी म्हातारपणाची वर्षं या एका दुपारचा उलगडा करण्यात घालवली. ते एका प्रेस्बिटेरियन धर्मगुरूचे पुत्र होते आणि तरुणपणी त्यांनी स्वतः वनखात्यात काम केलं होतं. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९९२ साली आलं. आगीच्या वेगाचं गणित मांडणारे संशोधक रिचर्ड रॉथरमेल यांनी पुढच्याच वर्षी त्या दुपारचा मिनिटामिनिटाचा हिशेब केला आणि तुकडीला ही शर्यत जिंकणं शक्यच नव्हतं, असा निष्कर्ष काढला.

या घटनेला दैव म्हणायचं का? तसं म्हटलं की प्रश्न संपतो आणि काहीच हाती लागत नाही. त्याच डोंगरावर, त्याच नियमांनी तेरा जण गेले आणि त्याच नियमांनी तिघे वाचले. जळण संपलं की आग थांबते, हा नियम डॉज यांच्याकरता वेगळा नव्हता. आगीत दया असती, कधी एखाद्याला सोडावं आणि कधी सोडू नये असं तिचं चाललं असतं, तर त्या काडीचा उपयोग झालाच असता असं नाही. आग कुणाची नसते, म्हणूनच ती शिकता येते.

काही ईश्वरवादी तत्त्वज्ञ इथेच ईश्वराचा बचाव शोधतात. इंग्रज तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न यांचं म्हणणं असं, की निसर्गातल्या आपत्तींमधूनच माणसाला ज्ञान होतं आणि एकमेकांना वाचवायचं की नाही, हे निवडण्याची संधी मिळते. यात तथ्य आहे. १९५७ साली अमेरिकी वनखात्याने आगीवर जाणाऱ्यांसाठी दहा आदेश काढले, ते आधीच्या मृत्यूंचा अभ्यास करूनच. हवामानाची खबर ठेवा, निसटण्याची वाट ठरवून ठेवा, ही त्यांतली कलमं आज जगभर शिकवली जातात. पण तेरा तरुण आपल्याला धडा मिळावा म्हणून जळाले, असं त्यांच्या आईवडिलांच्या तोंडावर सांगायला कुणी धजावणार नाही. धडा आपण घेतला, हे आपलं कर्तव्य झालं. त्यांच्या मरणाचं प्रयोजन म्हणून तो दाखवणं हा अन्याय आहे. आणि रो यांच्या पाडसाकडून तर कुणी धडाही घेतलेला नाही.

आगीमुळे जंगलाचं भलं होतं, असंही उत्तर दिलं जातं. तेही खरं आहे. उत्तर अमेरिकेतल्या लॉजपोल पाइनची अनेक बंद फळं आगीच्या धगीनेच उघडतात आणि राखेत रोपं उगवतात. १९३५ साली अमेरिकी वनखात्याने धोरण ठरवलं की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. लहान आगी थांबल्या, पाचोळा आणि मेलेल्या फांद्या साचत गेल्या आणि पुढे लागलेल्या आगी आवरेनाशा झाल्या. अखेर १९७० च्या दशकात हे धोरण सोडावं लागलं. म्हणजे आग सरसकट वाईट, हा निवाडा चुकीचाच आहे. तरीही जंगलाचा फायदा पाडसाच्या खात्यावर जमा होत नाही.

या वादात जैन आगमांतली एक कथा अनेक तत्त्वज्ञांच्या पुढे गेलेली आहे. ज्ञातृधर्मकथेत राजा श्रेणिकाचा पुत्र मेघकुमार याच्या पूर्वजन्माची हकीकत येते. तो हत्ती होता. वणवा पाहून त्याला आणखी मागचा जन्म आठवला; त्या जन्मी त्याने वणव्याचाच जाच सोसला होता. मग त्याने रानात एक मोठं वर्तुळ आखलं आणि त्यातली झाडं, वेली, गवत मुळासकट उपटून जागा साफ केली. पावसाळ्यात पुन्हा उगवलं की पुन्हा साफ केली. पुढे वणवा लागला तेव्हा वाघ, हरणं, कोल्हे, ससे सगळे त्या मोकळ्या जागेत येऊन दाटीवाटीने उभे राहिले. अंग खाजवायला हत्तीने एक पाय उचलला तेवढ्यात त्या जागी एक ससा शिरला. पाय टेकवला तर ससा चिरडेल, म्हणून अडीच दिवस आग विझेपर्यंत त्याने पाय उचलूनच ठेवला. सगळे प्राणी निघून गेल्यावर पाय खाली घेतला, तो आखडला होता. हत्ती कोसळला आणि मेला.

आगीच्या वर्गात जिला ‘सुरक्षित जागा’ म्हणतात, ती याहून वेगळी नसते: जिथलं जळण आधीच काढून टाकलेलं आहे आणि पोचायला वेळ पुरेल अशी जागा. हत्तीने ती वणव्याच्या आधी, पावसाळ्यामागून पावसाळा राखली. डॉज यांना ती दोन मिनिटांत तयार करावी लागली आणि म्हणून कुणाचा तिच्यावर विश्वास बसला नाही. हत्तीने अग्नीची करुणा भाकली नाही, त्याला कृतघ्नही म्हटलं नाही. आगीचा स्वभाव ओळखून जमीन मोकळी केली आणि मग जी करुणा लागणार होती, ती स्वतःच्या पायावर तोलून धरली. युधिष्ठिराच्या प्रश्नाचं सर्वांत खरं उत्तर या कथेत आहे. दुःख का आहे, हे ती सांगत नाही. दुःखाच्या वाटेत कुणी काय करायचं, हे सांगते.

जैन आगमांतल्याच भगवतीसूत्रात कालोदायी नावाचा एक जण महावीरांना विचारतो की आग पेटवणारा आणि ती विझवणारा, यांत जास्त कर्मबंध कुणाला. जैन दृष्टीने अग्नीतही जीव आहेत, तेव्हा विझवणंही हिंसाच. तरी उत्तर निःसंदिग्ध आहे: पेटवणाऱ्याला जास्त, कारण त्याच्या हातून कितीतरी अधिक जिवांची हानी होते.

महाराष्ट्राला हा प्रश्न दूरचा नाही. इथे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. सागाची पानगळ झालेली असते, सह्याद्रीच्या उतारांवरचं गवत सोनेरी होऊन वाळलेलं असतं. विजेने लागलेले वणवे आपल्याकडे विरळच; बहुतेक माणसाच्या हातून लागतात. विदर्भात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि तो आवरत नाही. कुणी नवं गवत लुसलुशीत यावं म्हणून पेटवतं, कुणी विडी फेकतं. मोहाच्या उत्पन्नावर ज्याचं घर चालतं त्याला दोष देऊन भागत नाही. पाचोळा झाडून बाजूला करायला किंवा झाडाखाली जाळी अंथरायला त्याला मदत हवी. वनखात्याचे हंगामी मजूर उन्हात जाळरेषा काढत असतात, हिरव्या फांद्या आणि ब्लोअर घेऊन रात्री-बेरात्री आग झोडपत असतात. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वाळलेल्या गवताच्या उतारावर ट्रेकिंगला गेलेली मंडळी वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. मान गल्चला जे गवत होतं, जो चढ होता, तेच तिथेही होतं.

आगीवर नव्याने जाणाऱ्यांना चार गोष्टी पाठ करायला लावतात. आगीवर नजर ठेवणारा माणूस हवा, त्याचा निरोप सर्वांपर्यंत पोचायला हवा, निसटायच्या दोन वाटा ठरलेल्या हव्यात आणि त्या जिथे पोचतात ती जागा सुरक्षित हवी. पॉल ग्लीसन या अमेरिकी अग्निशामकाने १९९१ साली ही चौकट मांडली. तिच्यात धर्माचा उल्लेख नाही, पण दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी आग लागण्याआधी घेणं, हेच तिचं सार आहे. उन्हाळ्यात डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाने ती पाठ करावी. वाळलेल्या गवताच्या चढावर मुक्काम करू नये. खाली धूर दिसला तर वर पळू नये. आगीला बगल देऊन आडवं निघावं, खडकाकडे, नांगरलेल्या शेताकडे किंवा जळून काळ्या झालेल्या जमिनीकडे. आणि महाराष्ट्रात कुठेही वणवा दिसला तर त्याचं चित्रीकरण करत थांबू नये, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावं.